३४९ रुपयांचा वेणीचा संच आणि रात्री साडेआठची वेणी

मी एसटीत वाहक आहे. महिन्यातले निम्मे दिवस पहिल्या गाडीची ड्यूटी असते, म्हणजे पहाटे सव्वाचारला घर सोडावं लागतं. नवरा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, त्याची पहिली पाळी सातची. दोन मुली आहेत. थोरली ११ वर्षांची, धाकटी ७. दोघींची शाळा साडेदहाला भरते आणि शाळेत दोन वेण्या, वर बांधलेल्या, लाल रिबिनीच्या, अशाच लागतात. घरात सासूबाई आहेत. डबा, आंघोळ, गणवेश, सगळं त्या बघतात, पण संधिवातानं त्यांची बोटं आखडलीत. पेड धरवतो, पण गुंफता येत नाही. म्हणून आमच्याकडं मुलींच्या वेण्या आदल्या रात्री होतात.

त्यामुळं वेणीचं कुठलंही साहित्य मी एकाच मापानं मोजते. रात्री साडेआठला घातलेली वेणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला पोरगी घरी येईपर्यंत टिकली पाहिजे. म्हणजे २१ तास. त्यातले नऊ तास उशीवर लोळायचे, आणि मधली सुट्टी खो-खोची. शिवाय झोपेत ती पोरीला टोचता कामा नये. मोबाइलवरच्या व्हिडिओत वेणी झाली की मुलीला पाठमोरी उभी करतात, दोनदा मान हलवायला लावतात आणि व्हिडिओ संपतो. मला पुढचं बघायचं असतं.

गेल्या जूनमध्ये, शाळा भरायच्या आधीच्या आठवड्यात, डेपोच्या विश्रांतिगृहात बसून मी हा संच मागवला. किंमत ३४९ रुपये, घरपोच. डब्यात होतं ते असं: शेपटीचा कंगवा, पोनी आतून उलटवायचे प्लास्टिकचे दोन फासे, एक मोठा आणि एक लहान, सागरवेणी घालायचा आकड्यांचा पट्टा, अंबाड्यासाठी स्पंजचं कडं, आत तार असलेली कापडी पट्टी, पुढचे केस फुगवायला वेल्क्रोच्या दोन गाद्या, काळ्या पिना, यू पिना आणि बारीक रंगीत रबरांचं पाकीट. नऊ महिने वापरून लिहितेय.

आधी वेल्क्रोच्या गाद्यांबद्दल सांगते, कारण हे वाचून एका जरी पोरीचे केस वाचले तरी लिहिल्याचं चीज होईल. थोरलीचे केस सरळ आणि सुळसुळीत आहेत. धाकटीचे दाट आणि कुरळे, माझ्या आईच्या वळणाचे. एका रविवारी धाकटीनं हट्ट केला म्हणून तिच्या कपाळावरच्या केसांखाली एक गादी बसवली. छान दिसत होती. दुपारी खेळून आली आणि गादी काढायला गेले तर निघेना. कुरळ्या केसांची वेटोळी वेल्क्रोच्या बारीक आकड्यांत शिरून बसली होती. खोबरेल लावलं, कंगव्याच्या शेपटीनं एकेक केस सोडवायला बसले. तासभर गेला. पोरगी रडून थकली. शेवटी बोटभर जाडीची एक बट कपाळापासून दोन इंचांवर कापावी लागली. रात्री झोपताना ती म्हणाली, "आई, मी आता बरा दिसत नाही काय?" कोल्हापुरात पोरीही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात, ते रोज कानावर पडतं. त्या रात्री मात्र ते वाक्य काळजात रुतलं. ती बट आता कुठं कानापर्यंत आलीय. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, हे मी त्या बटेवरून मोजून बघितलंय. डब्यावर कुरळ्या केसांसाठी सूचनेचा एक शब्दही नव्हता. थोरलीच्या सरळ केसांतून गादी सुटून आली, पण तिच्या डोक्यावर ती दुपारपर्यंत घसरून मागं गेली. दोन्ही गाद्या फेकून दिल्या.

तार असलेल्या पट्टीचं थोडक्यात. केस गुंडाळून दोन्ही टोकं वाकवली की अंबाडा होतो, आणि तो खरंच दोन मिनिटांत होतो. पण तिसऱ्या दिवशी कापडाच्या शिवणीतून तारेचं टोक बाहेर आलं. मानेजवळ, लहान पोरीच्या. तीही फेकली.

आकड्यांचा पट्टा जरा समजावून सांगावा लागेल, कारण संच विकला जातो तो याच्याच चित्रावर. गोमेसारखा लवचीक पट्टा आहे, दोन्ही बाजूंना पाय असावेत तसे आकडे. तो टाळूपासून मानेपर्यंत मधोमध बसवायचा, डावीकडची बट उजव्या आकड्यात, उजवीकडची डाव्या आकड्यात अशी अडकवत खाली यायचं आणि शेवटी पट्टा खालून ओढून काढायचा. थोरलीवर मी पाच वेळा प्रयत्न केला. पहिल्या वेळी पाऊण तास, पाचव्या वेळी २५ मिनिटं. पट्टा निघाला की त्याच्या जाडीएवढी पोकळी वेणीत राहते आणि सुळसुळीत केस त्या पोकळीतून सुटत जातात. रात्री घातलेली वेणी सकाळी विस्कटलेली. धाकटीच्या केसांत तर पट्टा बसतच नाही. हातानं सागरवेणी घालायला मला सात-आठ मिनिटं लागतात. ज्यांना हातानं येत नाही त्यांच्यासाठी हे साधन आहे म्हणावं, तर हातानं शिकायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पट्टा शिकायला लागतो.

आता चांगलं. फासे मला फार आवडले. प्लास्टिकची जाड सुई आणि तिच्या डोक्यावर थेंबाच्या आकाराचं कडं, एवढंच. पोनी बांधायची, रबराच्या वरच्या केसांत बोटानं फट करायची, फासा वरून खाली घालायचा, पोनी कड्यात ओवायची आणि फासा खाली ओढायचा. पोनी आतून उलटते आणि दोन्ही बाजूंना सुबक पीळ पडतो. त्याच्या खाली दोन बोटं सोडून कडेच्या दोन बटा घ्यायच्या, बांधायच्या, पुन्हा उलटायच्या. असं चार वेळा केलं की पाठीवर वेणीसारखी दिसणारी माळ तयार होते. कुरळ्या केसांना हे वरदान आहे, कारण केस टोकापर्यंत विंचरावे लागत नाहीत आणि कुरळेपणा पिळाला धरून ठेवतो. धाकटीची ही माळ शनिवारी रात्री केली तर सोमवारी सकाळपर्यंत राहिली आहे. थोरलीच्या डोक्यावर हीच माळ सकाळी अकराला सैल होते, म्हणून तिला ती लग्नाकार्याच्या दोन-तीन तासांपुरतीच. मोठा फासा दाट केसांना, लहान फासा रिबिनीचं टोक वेणीखालून ओढून घ्यायला. रिबिनीसाठी तो रोज वापरते.

स्पंजच्या कड्याची परीक्षा डिसेंबरात स्नेहसंमेलनाला झाली. थोरलीचा नऊवारीतला नाच होता आणि बाईंनी खोपा सांगितला होता. पार्लरमध्ये एका मुलीचे ३०० रुपये सांगितले. मी पोनी मानेजवळ, अगदी खाली बांधली, ती कड्यातून ओढून घेतली, कड्यावर केस चहूबाजूंनी पसरले, वरून रबर चढवलं, उरलेली टोकं कड्याखाली गुंडाळून चार यू पिना मारल्या. पिना कड्याच्या स्पंजात न मारता आधी डोक्यालगतच्या केसांत घालून मग वळवून स्पंजात न्यायच्या. नाहीतर उडी मारली की सगळा खोपा घरंगळतो. वरून अबोलीचा गजरा. नाच संपला, जेवण झालं, पोरगी मैत्रिणींबरोबर पळापळी खेळली, रात्री दहाला मी पिना काढल्या तेव्हा खोपा जसाच्या तसा होता. यावर झोपता येत नाही, म्हणून माझ्या २१ तासांच्या मापात हे बसत नाही, पण ज्या कामाचं आहे ते काम चोख करतं.

रंगीत रबरं दिसायला गोड. आठ-दहा दिवसांत ती वाळतात, तुटतात, आणि ओढून काढली तर केस घेऊनच निघतात. नेलकटरच्या टोकानं कापून काढा, ओढू नका. पिना ठीक. पण काळ्या पिनांच्या टोकांवरचे गोळे महिन्याभरात निघाले, त्या टाळूवर ओरखडतात.

कंगवा नावाला चांगला, पण दातांच्या मधे प्लास्टिकच्या जोडाची बारीक धार राहिलेली. हात फिरवला तर कळत नाही. कंगवा मी नेहमी मनगटाच्या आतल्या बाजूवर दाबून ओढून बघते. पांढरा ओरखडा उठला तर तो पोरीच्या टाळूवरही उठणार. महाद्वार रोडवर, अंबाबाईच्या देवळाकडून येताना, डाव्या अंगाला एक मावशी कंगवे, आकडे, रिबिनी घेऊन बसतात. त्यांच्याकडून ३० रुपयांना स्टीलच्या शेपटीचा कंगवा घेतला. शेपटीचं टोक बोथट बघून घ्यावं. दुसरा लाकडी, रुंद दातांचा, ६० रुपयांना, धाकटीसाठी. हे दोन कंगवे आणि लहान फासा, यावर आमची रोजची वेणीफणी चालते.

पण नुसत्या साहित्यानं वेणी टिकत नाही, आणि हे मला ज्या पद्धतीनं कळलं ते सांगितल्याशिवाय हे लिखाण अर्धवट राहील.

सुरुवातीला मला वाटायचं, २१ तास टिकायची तर वेणी घट्ट पाहिजे. मी थोरलीच्या वेण्या करकचून घालत होते. माझी आई माझ्या तशाच घालायची, डोळे ताणले जाईपर्यंत. पोरगी सोसत होती, बोलत नव्हती. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिला न्हाऊ घालताना दिसलं की दोन्ही कानशिलांवरचे केस विरळ झालेत आणि केसांच्या रेषेवर बारीक पुरळ आहे. पोटात गोळा आला. त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वेणी कोण घालतं?" सतत एकाच जागी ओढ बसली की मुळं दुखावतात आणि केस गळतात, त्याला ते ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणाले. लवकर लक्षात आलं आणि ओढ थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर ते मूळ कायमचं जातं. औषध असं काही दिलं नाही. वेणी सैल करा, आठवड्यातले दोन दिवस केस मोकळे किंवा सैल बांधलेले ठेवा, डोकं दुखतं म्हणाली तर लगेच सोडा, एवढंच. घरी येऊन मी पोरीला विचारलं, दुखत होतं का गं? म्हणाली, "रोजच दुखायचं, पण तुला पहाटे जायचं असतं ना."

त्या दिवसापासून मी वेणी नव्यानं शिकले. घट्ट वेणी आणि टिकाऊ वेणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेणी टिकते ती तिन्ही पेड सारखे असल्यामुळं. एक पेड बारीक राहिला की तो बाकी दोघांच्या मधे सरकत राहतो, वेणीला पीळ पडतो आणि मग एकेक बट बाहेर यायला लागते. आपल्याला वाटतं सैल घातली म्हणून सुटली, आणि दुसऱ्या दिवशी आपण आणखी आवळतो. आता मी पेड करताना तिन्ही एकेकदा मुठीत धरून बघते. रोज पैसे मोजणाऱ्या हाताला नोटांच्या गड्डीतला फरक कळतो, तसा पेडांतलाही कळायला लागला.

दुसरं, पहिले तीन वळसे मऊ ठेवायचे. आवळायचं ते चौथ्या वळशापासून, कानाच्या पाळीच्या खाली, जिथं ओढ टाळूला लागत नाही. वेणी संपली की पोरीला भुवया वर करायला सांगते. सहज गेल्या तर ठीक. कपाळ ताणलं गेलं तर पहिले दोन वळसे बोटानं उचलून सैल करायचे. चार महिन्यांत थोरलीच्या कानशिलांवर जावळासारखे नवे केस आले. ते अजून वेणीत येत नाहीत, उडत राहतात. शाळेतल्या बाईंनी पिन लावायला सांगितलं, मी वहीत लिहून पाठवलं की डॉक्टरांनी काही दिवस नको म्हटलंय. त्यांनी ऐकलं.

रात्री वेणी घालायला सासूबाईंचा आधी विरोध होता. "दिवे लावायच्या वक्ताला पोरींची केसं इचरू न्हाईत," त्या म्हणायच्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दिवेलागण टळून, जेवणं झाल्यावर, साडेआठला बसायचं ठरवलं. आता पाट मांडायच्या आधी सासूबाईच तेलाची वाटी आणून ठेवतात आणि तिसरा पेड धरायला शेजारी बसतात. मी दोन पेडांचा गुंता बघत असते तेव्हा त्यांच्या आखडलेल्या बोटांत तो तिसरा पेड अगदी स्थिर असतो. कुठलाही क्लिप एवढ्या हळुवारपणे केस धरत नाही.

दोघींच्या केसांचं काम वेगळं आहे. थोरलीचे केस रविवारी धुतले की त्या रात्री वेणी धरत नाहीत, निसटतात. म्हणून तिचं न्हाणं शनिवारी दुपारी आणि वेणी रविवारी रात्री. तळहातावर खोबरेलाचे तीन-चार थेंब चोळून केसांच्या लांबीवरून हात फिरवायचा, टाळूवर नाही. पकड येते. खोबरेल केसाच्या आत शिरतं, नुसतं वर चकाकत नाही, म्हणून सुगंधी पातळ तेलांपेक्षा मी तेच वापरते. ओल्या केसांची वेणी मात्र कधीच घालायची नाही. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, आणि रात्रभर वेणीत अडकलेला ओलावा सकाळी कुबट वास मारतो.

धाकटीचे केस कोरडे विंचरले की झिपऱ्या होतात आणि तुटतात. न्हाताना कंडिशनर लावून, केस ओले असताना, लाकडी कंगव्यानं टोकाकडून वर वर जात गुंता सोडवायचा, आणि पूर्ण वाळल्यावरच वेणी. आठवड्याच्या मधल्या दिवसांत कंगवा नाहीच. वेणी सोडायची, हात जरा ओला करून, बोटांनीच पेड मोकळे करायचे, पुन्हा गुंफायचे. आधी तिच्या वेणीला २० मिनिटं आणि भरपूर रडणं लागायचं, आता आठ मिनिटं लागतात आणि ती मला दिवसभराची भांडणं सांगत बसते.

भांग नाकाच्या शेंड्यापासून सरळ रेषेत मागं मानेपर्यंत न्यायचा. पुढं सरळ आणि मागं वाकडा भांग हा सगळ्यांचाच घोटाळा असतो. एक वेणी जाड, दुसरी बारीक होते आणि वर बांधल्यावर रिबिनी खालीवर दिसतात. वेणीची सुरुवात कानाच्या मागं आणि जरा खाली करायची. डोक्याच्या मागच्या बाजूला केली तर पोरगी रात्रभर त्या गाठीवर झोपते.

आणि रिबीन. शाळेच्या वेणीत रबराची गरजच नाही, हे आजकाल विसरलं गेलंय. एका वेणीला एक मीटर रिबीन लागते. वेणी निम्मी झाली की रिबिनीचा मध्य वेणीच्या मागं धरायचा, एक टोक डाव्या पेडाबरोबर, दुसरं उजव्या पेडाबरोबर घेऊन गुंफत जायचं. शेवटी दोन बोटं केस उरले की रिबिनीचे दोन वेढे आणि गाठ. पेडांबरोबर रिबीन विणली गेल्यानं सुळसुळीत केससुद्धा खालून सुटत नाहीत. रात्री वेणी अशीच लोंबती ठेवते. सकाळी टोक वर नेऊन, रिबीन वेणीच्या सुरुवातीखालून ओढून, फुलाची गाठ बांधायची. त्यासाठी लहान फासा फार उपयोगी, सुईत दोरा ओवावा तशी रिबीन येते. हे काम थोरली करते, धाकटीचं आणि स्वतःचंही. सासूबाई समोर बसून दोन्ही फुलं एका रेषेत आहेत का ते बघतात.

उशीचा अभ्रा सुती असेल तर केस त्यावर घासून फिसकटतात. माझ्या आईचं एक जुनं तलम रेशमी पातळ होतं, त्याचे दोन अभ्रे शिवले. पहिल्याच रात्री फरक दिसला. या सगळ्यात हा बदल सगळ्यात स्वस्त होता आणि संचातल्या निम्म्या वस्तूंपेक्षा जास्त उपयोगी पडला.

पावसाळ्यात दोन वेण्यांऐवजी दोन सागरवेण्या घालते. जुलैत इथं पाऊस थांबायचं नाव घेत नाही, टोपीतून, छत्रीतून केस भिजतातच. सागरवेणीत कपाळापासूनचे केस थोडे थोडे घेत मागं जातो, त्यामुळं कडेचे केस उडत नाहीत. व्हिडिओत उलटी सागरवेणी दाखवतात, पेड वरून न नेता खालून न्यायचा, मग वेणी डोक्यावर उठून दिसते. धाकटीला तीच आवडते. पण ती सलग दोन दिवसांच्या वर ठेवत नाही, कारण तिची ओढ टाळूलाच बसते. ऑगस्टात दोघींना उवा झाल्या होत्या. वर्गात निम्म्या मुलींना होत्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उवांना उडता येत नाही, डोक्याला डोकं लागलं की त्या जातात, म्हणून बांधलेले केस बरे. औषध लावलं, आठवड्यानं पुन्हा लावलं, आणि रोज रात्री सासूबाई बारीक दातांची जुनी फणी घेऊन पोरींना पुढ्यात घेऊन बसल्या. त्या फणीसमोर संचातला कंगवा काहीच नाही.

तर संच घ्यावा का? सरळ केसांची मुलगी असेल, अधूनमधून नाचगाण्याचा कार्यक्रम असेल आणि दुसरं काहीच घरात नसेल, तर फासे आणि स्पंजचं कडं यांच्यासाठी ३४९ रुपये जातात असं धरून घ्या. कुरळ्या केसांच्या मुलीसाठी घेऊ नका, किंवा घेतलात तर वेल्क्रो पोरीच्या हाताला लागायच्या आत काढून टाका. त्याहून बरं म्हणजे फासा आणि कडं सुटं मिळतं का बघा. महाद्वार रोडवर दोन्ही मिळून मला ७० रुपये सांगितले, घासाघीस न करता. पाच पैकी दोन गुण मी देईन, आणि ते दोन्ही फाशाचे.

मागच्या आठवड्यात माझी मुक्कामी गाडी होती, भुदरगडातल्या एका गावाला. तिथं देवळाच्या पायरीवर मोबाइलला रेंज येते. साडेआठला थोरलीनं व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि धाकटीची वेणी स्वतः घातली. मी इकडून "पहिले तीन मऊ" म्हणत होते, तिकडून सासूबाई तिसरा पेड धरून बसल्या होत्या. डावी वेणी जरा जाड झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ती तशीच होती, मैदानातली माती माखलेली, एक बट सुद्धा सुटलेली नाही.

रिबिनीबद्दल एक राहिलं. लाल रिबिनीचा रंग जातो आणि पावसात पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर उतरतो. गेल्या जुलैत थोरलीचे दोन शर्ट असे गेले. आता दुकानात रिबीन मापायच्या आधी बोट ओलं करून तिच्यावर चोळते, मग तेच बोट रुमालाला पुसते. रुमाल पांढरा राहिला तर चार मीटर घेते, दोघींच्या दोन-दोन वेण्यांना पुरेल एवढी.